इस्त्रीबाहेरचा तक्ता

रविवार, ९ फेब्रुवारी

ती. बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (माझा गुडघा अजून साष्टांगाच्या लायकीचा झालेला नाही. भावना पोचली असं धरून आशीर्वाद द्यावा.)

तुम्ही फोन उचलत नाही. मेल उघडता, कारण उघडल्याची खूण मला इकडे दिसते, पण उत्तर देत नाही. म्हणून हा कागद. कागद न वाचता फेकायचा म्हटला तरी आधी पाकीट फोडावं लागतं, आणि पाकीट फोडल्यावर आत काय आहे ते न बघण्याइतके तुम्ही विरक्त नाही.

आधी घरची खबरबात. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला होता. दादाकडे जाताना तुम्ही त्याला दोरा गुंडाळलात आणि "आता हा जन्मात गळायचा नाही" असं आईला छातीठोकपणे सांगून निघालात. नळाला ते ऐकू गेलं नसावं. प्लंबर आला, त्याने दोरा उलगडला, आत रबराची नवी चकती बसवली आणि विचारलं, "हा दोरा कुणी बांधला हो?" मी म्हटलं, घर घेतलं तेव्हापासूनच आहे. तुमची अब्रू झाकली, त्याबद्दल आभार मानायची गरज नाही. आईला सांगा, बाल्कनीतल्या कुंड्यांना मी रोज पाणी घालते. एक वाळली, पण ती तिच्या कर्माने. बाळाला दात येतायत असं वहिनीने कळवलं. बाळ येईल त्याला चावतं म्हणे. घराण्याचं नाव काढणार.

आता ऑफिस.

दाराशी नवं पायपुसणं आलंय. चष्म्याच्या दुकानावरून वर यायच्या जिन्यातला दिवा अजून तसाच लुकलुकतो. तुमच्या खुर्चीवर शंकासूर बसतो. रागावू नका, त्याच्या खुर्चीचं चाक तुटलं म्हणून. आपला हा तपासनीस चाकाच्या खुर्चीवरही शंका घेत होता, ती खरी ठरली. त्या दिवसापासून तो स्वतःवर फार खूश आहे.

आणि इस्त्री उत्तम चालली आहे.

तुम्ही तिला इस्त्री म्हणता. फॉरमॅटर हे तिचं खरं नाव तुमच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. फाइल सेव्ह केली की कोडच्या ओळी आपोआप नीट लागाव्यात, कुणाच्या चार जागा सोडलेल्या, कुणाच्या दोन, हा गबाळेपणा जावा, एवढंच तिचं काम. सप्टेंबरात मी ती सगळ्या कोडवरून एकदम फिरवली आणि तुम्हाला वाटलं की बाजारातून आणलेलं यंत्र आपल्या पोरीने आपल्या अंगावर घातलं. पण बाबा, आली तशी मी ती ठेवलेली नाही. एकेका नियमासाठी मी त्या यंत्राशी आणि ऑफिसशी भांडले आहे. महिरपी कंस नव्या ओळीवर उघडायचा, हा तुमचा हट्ट. बाकी सगळे त्याच ओळीवर उघडायच्या बाजूचे होते. मी एकटी अडून बसले आणि कंस नव्या ओळीवर आला. कोडशेजारी माणसांसाठी तुम्ही लिहिलेल्या टिपांच्या ओळी मोडून पुन्हा भरायच्या नाहीत, हेही तिला शिकवलं. तुम्ही टिपेतही वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देता. तो एकही हललेला नाही.

राहिला तुमचा तक्ता.

कुठलं औषध किती थंडीत ठेवायचं, कितीच्या वर गेलं की घंटा वाजवायची, तो मोठा तक्ता. तुम्ही तो हाताने लावला होता. प्रत्येक दशांशचिन्ह वरच्याच्या बरोबर खाली, जसं काही दोरी धरून ओळंबा घेतलाय. इस्त्रीने तो पहिल्याच दिवशी सपाट केला, आकडे एकमेकांना चिकटले. तुम्ही आलात, पडद्यावर तो पाहिलात, चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. मग मला म्हणालात, "करायचं ते करा."

करा! मला! जन्मल्यापासून कधी तुम्ही मला अहो-जाहो केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन दादाकडे गेलात ते गेलातच. लोक विचारतात, वडील कुठे. मी सांगते, नातवासाठी गेलेत. अर्धं खरं आहे.

तर ऐका. जुन्या प्रतीतून मी तुमचा तक्ता होता तसा परत आणला आणि त्याच्या वर-खाली दोन खुणा घातल्या. वरच्या खुणेशी इस्त्री थांबते, खालच्या खुणेनंतर पुन्हा चालू होते. सगळ्या कोडमध्ये एवढी एकच जागा तिला वर्ज्य आहे. नवीन लागलेल्या मुलीने विचारलं, हे असं का. मी म्हटलं, ते देवघर आहे, चपला बाहेर काढ.

हे सगळं मी तुम्हाला महिन्याभरापूर्वीच कळवणार होते. मधेच औषधभांडाराचं प्रकरण झालं.

ते तुम्हाला ठाऊक आहे. साहेबांनी तुम्हाला काय सांगितलं हेही मला ठाऊक आहे, आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत हेही. तरी माझ्या तोंडून एकदा ऐका, कारण साहेबांनी ते नक्की उलटसुलट सांगितलं असणार.

आपला कोड ज्यांच्या थंड खोल्या राखतो, त्यांतल्या एका भांडाराची वीज गेली. जनरेटर चालू व्हायला हवा होता, झाला नाही. थंड खोली गरम होत गेली आणि घंटा वाजायला लागली, पण रविवार होता, इमारतीत ऐकायला कुणी नव्हतं. मग वीज आली. आणि वीज येताच घंटा बंद झाली. खोली अजून गरम, आतली औषधं गरम, आणि घंटा गप्प. सोमवारी भांडारातल्या बाई आल्या तोवर खोली पुन्हा थंडगार, पडद्यावर सगळं आलबेल. त्यांनी सवयीने भिंतीवरचा जुना थर्मामीटर पाहिला. त्यात पारा जिथवर चढला तिथे एक बारीक काटा अडकून राहतो. काटा फार वर होता. बाईंनी त्याच क्षणी खोलीला कुलूप घातलं. एकही कुपी बाहेर गेली नाही. माल फेकावा लागला, माणूस कुणी दगावलं नाही. त्या बाईंचे पाय धरावेत असं मला वाटलं, आणि गुडघ्याचं निमित्त होतं म्हणूनच मी धरले नाहीत.

साहेबांनी कोड उघडला. घंटा बंद करणाऱ्या ओळीपुढे, शेवटचा हात कुणाचा, तिथे माझं नाव. साहजिकच होतं, इस्त्री फिरवल्यापासून सगळ्याच ओळींपुढे माझं नाव आहे. ओळ "खोली थंड असेल तर" या अटीच्या बाहेर पडलेली. साहेबांनी त्याचा फोटो तुम्हाला पाठवला. तुम्ही फोटो पाहिलात आणि त्यांना म्हणालात, "मी ती ओळ अटीच्या आत लिहिली होती. इस्त्रीने ती बाहेर ढकलली."

मला साहेबांनी हे तुमच्याच शब्दांत ऐकवलं, इस्त्री या शब्दासकट. मला इतकं वाईट वाटलं की मी जिन्यात जाऊन उभी राहिले. तो लुकलुकणारा दिवा बघत बसले, आणि रडले असते, पण चष्म्याच्या दुकानातला माणूस वर येत होता.

आता सोमवारी, १७ तारखेला, सगळ्यांची बैठक आहे. भांडाराची माणसं येणार आहेत. साहेबांचं ठरल्यात जमा आहे, इस्त्री काढून टाकायची, कोड पूर्वीसारखा करायचा आणि या कामाची सूत्रं माझ्याकडून काढून घ्यायची. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाबरोबर त्याला घरात आणणारीलाही.

"चोर सोडून" एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं. पुढचं लिहायला हात धजत नाही. पण वकीलबाई हे नाव तुम्हीच ठेवलंत, तेव्हा भोगा.

बाबा, इस्त्री ओळ बाहेर ढकलू शकत नाही. ती फक्त मोकळ्या जागा हलवते. मी शाळेत होते, तुम्ही मला ऑफिसातल्या उंच स्टुलावर बसवलं होतं आणि पडद्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, "यंत्राला मोकळ्या जागा दिसत नाहीत, वकीलबाई. त्या आपल्यासाठी. त्याला फक्त कंस दिसतो." हे तुम्ही मला शिकवलंत. मी ते आजवर प्रत्येक नव्या मुलाला, प्रत्येक नव्या मुलीला तुमच्या नावाने सांगत आले.

म्हणून मी इस्त्रीच्या आधीची जुनी प्रत काढली. तिथे अट आहे, खोली थंड असेल तर. तिच्याखाली दोन ओळी आहेत, एक "सर्व ठीक" अशी नोंद करणारी, दुसरी घंटा बंद करणारी. दोन्ही सारख्याच आत सरकवलेल्या, एका रेषेत, तुमच्या पद्धतीने देखण्या. बघणाऱ्याला वाटावं, दोन्ही अटीच्या पोटातल्या. पण त्यांच्याभोवती कंस नाही. आणि कंस नसला की यंत्र फक्त पहिली ओळ अटीत धरतं. दुसरी त्याच्या लेखी मोकाट. वीज आली की खोली थंड असो, गरम असो, घंटा बंद.

ती ओळ पहिल्यापासून बाहेरच होती, बाबा. आपल्या डोळ्यांना आत दिसत होती, एवढंच. इस्त्रीने ती उचलून तिच्या खऱ्या जागी ठेवली, आणि त्या दिवशी हजारो ओळी एकदम हलल्या म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. इतकी वर्षं वीज आली तेव्हा दर वेळी खोली थंडच होती, म्हणून निभावलं.

शंकासुराने तुमचीच जुनी प्रत, इस्त्री न लावलेली, चाचणीच्या पेटीत चालवली. तापमानाचा सेन्सर मुठीत घट्ट धरला. मुठीच्या उबेने आकडा चढला, घंटा वाजली. मग त्याने पेटीची वीज घालवली आणि परत आणली. घंटा गप्प. मूठ तशीच आवळलेली. त्याने तेच आणखी दोनदा करून पाहिलं, निकाल तोच. शंकासुराची शंका फिटली म्हणजे समजा.

पुरावा सापडल्यावर मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला, खोटं का बोलू. सुटले असं वाटलं. मग जुन्या प्रतीतल्या त्या ओळीपुढे तुमचं नाव दिसलं आणि आनंद जागच्या जागी मावळला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शंकासूर म्हणाला, "बाईसाहेब, सांगा की यंत्राची चूक, काढून टाकू, कुणाचं काय जातंय." त्याचं मन मोठं आहे. तुमच्याच खुर्चीत बसला होता तेव्हा.

पण ते मी करणार नाही. इस्त्रीवर माझं प्रेम आहे म्हणून नव्हे. दोषी म्हणून तिला काढलं तर खरा दोष तसाच राहील, अशा ओळी आणखी असतील आणि त्या पुन्हा सुरेख दिसायला लागतील. चुकीची ओळ मी त्याच दिवशी दुरुस्त केली, सगळ्या भांडारांना पोचवली, शंकासुराने प्रत्येक ठिकाणी तपासली. शिवाय इस्त्रीला एक नवा नियम घातला. जिथे अट, तिथे कंस, माणसाने घातला नाही तर ती घालेल. तो नियम लावताच दुसऱ्या एका कोपऱ्यात असलीच आणखी एक ओळ सापडली. निरुपद्रवी होती. कुणाची ते सांगत नाही, त्याने मला चहा पाजलाय.

तेव्हा सोमवारी मी मोठ्या पडद्यावर दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावणार आणि घडलं तसं सांगणार. माझी बाजू पक्की आहे, मी हरणार नाही. काम माझ्याकडेच राहील. हे मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय. पण सगळ्यांच्या आधी सांगतेय. दुसऱ्याच्या ओळीला हात लावण्याआधी त्याच्या कानावर घालावं, हेही त्याच स्टुलावर ऐकलेलं.

मागणं एकच आहे. तुमचं नाव त्या खोलीत माझ्या तोंडून पहिल्यांदा निघू नये. ते मला जमेल, पण नंतर घरी येऊन तुमच्या रिकाम्या जागेसमोर जेवणं जमणार नाही. तुम्ही या. नाही आलात तर साहेबांना एक फोन करा. तेही नको असेल तर मला नुसतं कळवा, "वाचलं".

तक्ता जपून ठेवला आहे. येऊन बघा तरी.

आईला नमस्कार, बाळाला चावा.

तुमची, अजूनही एकेरीतली,
वकीलबाई


बुधवार, १२ फेब्रुवारी

चि. वकीलबाईस,

अनेक आशीर्वाद. गुडघा डॉक्टरला दाखव, पत्रात मिरवू नकोस.

पाकीट मी फोडलं नाही. तुझ्या आईने फोडलं आणि मोठ्याने वाचलं. नळाचा भाग तिने दोनदा वाचला. ओळीचा भाग आला तेव्हा कागद माझ्या हातात देऊन ती बाळाकडे गेली.

मग मी ती ओळ कागदावर लिहून पाहिली. मला ती पाठ आहे. कंस नाही. मी पेन्सिल घेऊन शोधत राहिलो, जसं काही शोधल्याने तो उगवणार आहे. तू लिहिलंस ते अक्षरशः खरं आहे. यंत्राला मोकळ्या जागा दिसत नाहीत हे तुला शिकवणारा मी, आणि फोटोत ओळ बाहेर पाहिली तर मोकळ्या जागेवरच विश्वास ठेवला. तक्त्याचा राग डोक्यात होता. रागावलेल्या माणसाने कोड वाचू नये. तुझ्यावर आळ आला तो माझ्यामुळे, आणि तोही मी स्वतः फोन उचलून आणला. तुझा फोन उचलत नव्हतो, साहेबांचा उचलला. हे लिहायला बरेच कागद गेले.

साहेबांना काल फोन केला. म्हटलं, इस्त्री निर्दोष आहे, ओळ माझी, पहिल्या दिवसापासून चुकलेली. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, तुमचं नाव या वयात कशाला घ्यायचं, बाहेरच्यांना सांगायला फॉरमॅटर बरा आहे." मी म्हटलं, फॉरमॅटर बरा आहे म्हणूनच त्याच्यावर ढकलायचं नाही. सोमवारी मी येतोय. भांडारातल्या त्या बाईंना माझ्या शेजारी खुर्ची ठेवा.

पडद्यावर दोन्ही प्रती तू लाव. वाचेन मी. मधे बोलायचं नाही. तुला जमणार नाही, तरी सांगून ठेवतो.

आता तक्ता. तू त्याला खुणा घालून राखलास, वाचून चष्मा काढून डोळे पुसले. तुझ्या आईला सांगितलं, बाळाने चावलं. पण त्या खुणा काढ. दोन ओळी एका रेषेत होत्या म्हणून मी फसलो, आणि तिथे तर सगळा तक्ताच रेषेत आहे. इतका देखणा दिसतो की त्यातला एक आकडा कुणी कधी ताडून पाहिला नाही. मीसुद्धा नाही, लिहिल्यावर नुसता बघत बसायचो. फिरव त्यावर इस्त्री. रचना मोडू दे. मग शंकासुराला घेऊन बस आणि एकेक आकडा औषधाच्या खोक्यावरच्या आकड्याशी जुळवून पाहा. मी आल्यावर करू असं म्हणू नकोस, औषधं माझ्यासाठी थांबणार नाहीत. आणि कोडमध्ये देवघर ठेवू नये, त्या नव्या मुलीला म्हणावं, चपला घालून ये.

रविवारी संध्याकाळी पोचतो. तुझी आई मागाहून येईल, बाळ सोडवत नाही. माझ्या खुर्चीत शंकासूरच बसू दे, मला साधी चालेल. जिन्यातला दिवा मात्र मी बघतो. नाही, नको. इलेक्ट्रिशियनला बोलाव.

आणि तो प्लंबर पुन्हा आला, तर त्याला खरं सांग. दोरा मी बांधला होता.

तुझा,
बाबा